सारजाबाई वॉटर सप्लायर्स

खंडेरावाच्या वेबसाइटवर पाण्याच्या टँकरचा रकाना रिकामा राहिला, एवढंच खरं तर निमित्त झालं.

वेबसाइटचं नाव ‘कुठाय डॉट कॉम’. गवंडी कुठाय, सुतार कुठाय, मिक्सर दुरुस्त करणारा कुठाय, असं विचारलं की नाव आणि नंबर हजर. कारागिरानं वर्षाची वर्गणी भरली की त्याचं नाव यादीत. थोडी जास्त भरली की यादीत पहिलं. क्रांती चौकात झेरॉक्सच्या दुकानावर दहा बाय दहाची खोली, एक लॅपटॉप, एक मोटारसायकल आणि बी.कॉम. झालेली सुकेशनी, एवढा कारभार. सुकेशनी पगारावर होती, पण दचकून खंडेराव असायचा, कारण सगळे आकडे तिला तोंडपाठ होते.

साल २०१६. शहर चारी बाजूंनी उधळलं होतं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज फ्लॅटची पाटी. पाणी मात्र असं आटलं होतं की कावळेसुद्धा नळाखाली नंबर लावून बसत, आणि मध्ये घुसणाऱ्याला बाकीचे चोच मारून मागं पाठवत.

खंडेरावाच्या मामानं, सर्जेरावानं, त्याला शेवटचं सांगून टाकलं होतं. “मे संपस्तोवर तीस लोकांनी पैसे भरले तर तुझं दुकान चालू. नाय भरले तर एक जूनला चितेगावच्या कंपनीत हेल्पर. म्या साहेबाला शब्द दिलाय.” एप्रिल उतरणीला लागला तेव्हा भरणारे होते नऊ, आणि त्यातला एक खालचा झेरॉक्सवाला, ज्यानं वर्गणी भाड्यात वळती करून घेतली होती.

टँकरवाल्या कचरूशेठकडं खंडेराव तीनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा कचरूशेठनं चहा पाजला आणि समजूत घातली, “पानी हमारे पास, प्यासे लोग हमारे पास. बीच में तू कायको?”

“रकाना रिकामा दिसला की लोक साइट बंद करतात,” सुकेशनी म्हणाली. “काहीतरी टाका, भाऊ.”

खंडेरावानं टाकलं : सारजाबाई वॉटर सप्लायर्स. सारजाबाई ही त्याची आई. नंबर तिचाच दिला, कारण हिशेब सरळ होता. दर उन्हाळ्यात ती मेंढरं घेऊन लांब डोंगरात जायची, आणि तिथं फोनचा उपयोग वेळ बघण्यापुरता. लोक नंबर फिरवतील, ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकतील आणि सोडून देतील. टँकरवाला सापडत नाही याचं त्या उन्हाळ्यात कुणालाच नवल नव्हतं.

पण त्या साली डोंगरातही काडी उरली नव्हती. सारजाबाई महिनाभर आधीच माघारी फिरली. चितेगावच्या साहेबरावानं लेंडीखतासाठी तिची मेंढरं आपल्या शेतात बसवून घेतली. त्या शेताच्या बांधावर मोबाइलचा टॉवर होता.

पहिला फोन बीड बायपासच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी त्रिंबकराव यांचा आला.

“सारजाबाई वॉटर सप्लायर्स का?”

“सारजाबाईच बोलती. तू कोन?”

“पाणी पाहिजे होतं. दहा हजार लिटर.”

लिटरशी सारजाबाईची ओळख नव्हती. पण पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हे तिच्या घराण्यात सात पिढ्या चालत आलेलं. कळपामागं हिंडणाऱ्याला परक्या विहिरीवर पाणी मागूनच जगावं लागतं.

“माणसं किती हाईत?”

“चाळीस घरं, मावशी.”

“जनावरं?”

“जनावरं नाहीत.” त्रिंबकराव अडखळले. “वॉचमनचं एक कुत्रं आहे.”

“मंग असं सांग की. त्याला बी लागंल.”

फोन ठेवून ती साहेबरावाच्या ओसरीवर गेली. “साहेबराव, चाळीस घरं आन एक कुत्रं तहानलंय. तुझ्या विहिरीत पानी हाय, टँकर दारात हाय.”

“त्येवढं पानी मोसंबीला पुरलं नाय, समदी वाळून गेली, मावशी. टँकर आता काय पुजायचाय? पैसं देत्याल ना?”

“देत्याल. पर निघायच्या आधी माझ्या मेंढरांची पान्याची डोण भरायची. काठोकाठ.”

डोण भरली, टँकर गेला, चाळीस घरांनी आंघोळी केल्या. त्रिंबकरावांनी शेजारच्या सोसायटीत सांगितलं, “पहिल्यांदा कुणीतरी कुत्र्याची चौकशी केली.” तिथून पुढं फोन थांबेना. तीस वर्षं मेंढरं हाकलेल्या बाईला कोणत्या विहिरीला तळात झरा आहे, कोण मचूळ पाणी गोड म्हणून विकतो, हे पायांनीच ठाऊक होतं. रोज नवा ट्रॅक्टर, रोज भरलेली डोण. लोक सांगतात, मेंढरंसुद्धा फोनची घंटा ओळखायला लागली. घंटा वाजली की दोनशे मुंडकी वर, आणि कळप शिस्तीत डोणीकडं.

इकडं क्रांती चौकात यातलं काहीच माहीत नव्हतं. टँकरचं पान दिवसाला हजारदा उघडतंय एवढंच सुकेशनीला दिसत होतं. आईला फोन लावावा तर कायम बिझी. आणि एक दिवस कचरूशेठ स्वतः जिना चढून आला.

“ये सारजाबाई कौन है रे? माझ्या अकरा सोसायट्या खाल्ल्या तिनं.”

त्यानं जागेवर पैसे भरले आणि पहिलं स्थान घेतलं. आठवड्यानं तो परत आला, तेव्हा त्याचा घाम आणि आवाज दोन्ही वाढले होते.

“मी एक नंबरला, ती दोन नंबरला. लोक मला ओलांडून तिला फोन करतात.”

“तुम्ही फोनवर काय सांगता?” सुकेशनीनं विचारलं.

“काय सांगायचं? परसों देखेंगे.” मग तो खंडेरावाकडं झुकला. “तिला काढ. वीस टँकरवाले आणतो तुझ्याकडं.”

नऊ, कचरूशेठ आणि वीस. बरोबर तीस. खंडेरावानं डोळे मिटले आणि स्वतःच्या आईला यादीतून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऑफिसचा फोन ठणाणा करू लागला. अकराला त्रिंबकराव आले. “बाईंचं नाव कुठं गेलं? नंबर आम्ही लिफ्टमध्ये रंगवून घेतलाय, आमचं अडणार नाही. पण तुमची साइट आम्ही उघडायचो ती त्या एका नावासाठी.” संध्याकाळी पान किती वेळा उघडलं ते सुकेशनीनं सांगितलं : सहा वेळा, त्यातल्या चार वेळा कचरूशेठनंच. मग कसले वीस टँकरवाले येतात.

“बसा मागं,” सुकेशनी मोटारसायकलची किल्ली उचलत म्हणाली. “चितेगावचं शेत त्रिंबकरावांनी सांगितलंय. मावशींकडं जाऊ.”

चितेगावच्या शेतात बाभळीखाली सारजाबाई बसली होती. समोर ट्रॅक्टरची रांग, आणि पुढ्यात मातीत मांडलेले बावीस दगड, एकाखाली एक.

“माय, हे काय?”

“ट्रॅक्टरवाले हाईत,” ती वर न बघता म्हणाली. “जो वक्तावर जातो, डोण भरतो, त्याचा दगुड वर. ह्या कडुबानं काल गढूळ पानी दिलं.” तिनं एक दगड उचलून तळाशी टाकला. रांगेतल्या कडुबानं मान खाली घातली. “फोन आला की वरच्याला पहिला धाडती.”

खंडेराव दगडांपुढं उकिडवा बसला. दोन वर्षं लॅपटॉपवर जे जमलं नव्हतं, ते बावीस दगडांवर चाललं होतं, आणि वर्गणी रोजच्या रोज डोणीत पडत होती. त्यानं सगळं कबूल केलं. नंबर कामून दिला, नाव कामून काढलं, मामा काय म्हणाला.

“म्हंजी त्या शेटच्या वीस मानसांसाठी मला खोडलंस,” सारजाबाई म्हणाली.

“व्हय.”

“बरं. कमी किती पडत्यात?”

“वीस,” सुकेशनीनं सांगितलं.

सारजाबाईनं रांगेवर नजर फिरवली. “आयका रे. माझ्या पोराकडं नावं लावा. वरसाचे पैसे भरा.”

“आन दगुड, मावशी?” साहेबरावानं विचारलं.

“दगुड माझ्याकडंच. पैशानं नाव लागंल, वर चढायचं ते कामानं.”

बाविसच्या बावीस जणांनी भरले. एकतीस मेला सर्जेरावमामानं आकडा ऐकला, सुकेशनीकडून दोनदा खातरी करून घेतली आणि कंपनीच्या साहेबाला दिलेला शब्द मागं घ्यायला तो चितेगावला निघून गेला. सारजाबाईचं नाव यादीत परत आलं. कचरूशेठ दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी गुपचूप शेतात येऊन डोण भरून गेला. त्याला तेविसावा दगड मिळाला.

खंडेराव आता रोज सकाळी आईला फोन करून दगडांचा क्रम विचारत असे आणि तसा साइटवर लावत असे. जूनच्या पहिल्याच आठवड्यात तो सुकेशनीबरोबर लॅपटॉप घेऊन शेतावर बसला होता, तेव्हा त्रिंबकरावांचा फोन आला. या वेळी पाणी नको होतं. सोसायटीची कंपाउंडची भिंत बांधायची होती.

“गवंडी हाय का रे तुझ्याकडं?” सारजाबाईनं फोनवर हात ठेवून विचारलं.

“तिघं हाईत. रामहरी एक नंबरला. जादा पैसे भरलेत त्यानं.”

“त्यानं बांधलेली भिंत बघितलीस?”

“नाय.”

“मंग म्या तोंडानं कसं सांगू?” ती फोनमध्ये म्हणाली, “त्रिंबकराव, सांच्यापारी सांगती. मानूस बघायला धाडलाय.”

खंडेरावानं इकडंतिकडं पाहिलं. सुकेशनी सोडली तर बाभळीखाली दुसरं कुणीच नव्हतं. त्यानं लॅपटॉप मिटून सुकेशनीच्या हातात दिला, मोटारसायकलला किक मारली आणि कुठाय डॉट कॉमचा मालक भिंत बघायला निघाला.

“हात लावून बघ,” मागून आवाज आला. “लांबून समद्याच सरळ दिसत्यात.”