टोपीकराच्या चालीवर बगळ्यांचे बेट फत्ते केल्याचा करीना

श्री. राजमान्य राजश्री सुंदरराव, खतांचे दुकानदार, मौजे तेलगाव, यांणी धरणाच्या पाण्यातील बगळ्यांचे बेट कैसे काबीज केले ते आपण विचारिले, त्याची हकीकत येणेप्रमाणे.

पूर्वी विलायतेत व्हिक्टोरिया राणीचे अमलात एक टोपीकर साहेब जाहला. त्याणे पॅसिफिक दर्यातील बेटांवर पाखरांची विष्ठा खोदविली आणि खत म्हणून विकून गडगंज जाहला. खोदले बेटकऱ्यांणी, आणि मागे खड्डे राहिले तेही त्यांसच. ही कीर्ती सुंदररावांणी मोबाइलात पाहिली आणि खड्डे येताच अंगठ्याने पुढे सरकविली. मग मराठवाड्याचे टोपीकर आपणच, ऐसे जाहीर करून तैशीच टोपी मागविली, आणि गावात स्वतःच्या छबीचा बॅनर लाविला, आणि फत्तेचे सत्कारास किनाऱ्यावर बँड उभा केला, आणि सिदू व रामहरी हे दोन गडी घेऊन मासेमाराचे होडीतून कूच केले.

बेटावर पाऊल ठेवितात तो कडूबाई शेळ्या चारीत उभी. हुकूम जाहला की बेट आमचे, शेळ्या हटवाव्या. बाई बोलली, "आवं सुंदरराव, होडीत बसून काहून आलाव? मागल्या अंगाला पाणी आटलंय. मी तर चालत आले."

खाशा सुंदररावांणी हे ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि खोदाई आरंभिली, म्हणजे सिदू-रामहरींणी खोदले आणि खाशांणी टोपी सावरून फोटो काढविले. मग पोती भरली, होडीत रचिली, वर खासे स्वार जाहले, आणि होडी चिखलात रुतली. ढकलिता हलेना. पलीकडे बँड वाजवून वाजवून दमला. भरल्या पोत्यांनिशी मिरवत न गेल्यास गावात तोंड दाखविणे मुश्कील, या चिंतेने खासे घामाघूम.

रामहरी बोलला, "सायेब, पोती उतरवा, न्हाईतर तुमी उतरा."

खासे उतरले आणि कंबरेइतके रुतले. मग कडूबाईकडे तहाची याचना जाहली. चालत जाण्याची वाट आटल्या गाळातील तिच्याच टरबुजांच्या वाडीतून. तिणे कौल दिला की, "वाट दावते, पर पोती माज्या वाडीत टाकून जायची. लई जड हायेत, तुमाला न्हाई झेपायची." खाशांणी तह मान्य केला. बूट चिखलातच राहिले.

बँड वाजला, हार पडला. येणेप्रमाणे बेट फत्ते जाहले. टोपी सुखरूप परतली. खत कडूबाईचे. पोती वाहिली सिदू आणि रामहरी यांणी. टोपीकराच्या कीर्तीत बेटकऱ्यांची नावे नव्हती, बॅनरवर या दोघांची नाहीत, सबब येथे लिहून ठेविली.