सहा घरं आणि एक पंखा

मीटरकाका एकदा बोलले की ती काळ्या दगडावरची रेघ. फक्त ती रेघ पुढे कुठे जाईल, हे त्यांनाही ठाऊक नसे.

"या उन्हाळ्यात आपल्या इमारतीची दुपारची वीज जाणार नाही," असं त्यांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं. "हवं तर लिहून घ्या." लिहून कुणी घेतलं नाही, पण ऐकलं सहाही घरांनी.

काकांनी तीस वर्षं दारोदार फिरून विजेचे मीटर वाचले होते. पुढे मीटर स्वतःच आपले आकडे कळवू लागले आणि काका घरी बसले. याचा त्यांना राग नव्हता. "पोरगं हाताशी आलं, आपलं आपण करू लागलं, तर बापाने रुसायचं कशाला?" असं ते म्हणत. नव्या यंत्रांवर त्यांचा जीवच होता.

त्या वर्षी उन्हाने अगदी ताळ सोडला होता. रस्त्याचं डांबर चपलांना सोडेना. तारेवरचे कावळे पाय भाजू नयेत म्हणून एका पायावर उभे राहत, तेही पाळीपाळीने. साऱ्या शहराने थंड हवेची यंत्रं सुरू केली, वीज कमी पडू लागली, आणि रोज दुपारी दोन ते पाच ती जाऊ लागली. शेवटी वीज कंपनीने एक योजना काढली. नेमून दिलेल्या एका दिवशी, दुपारी दोन ते पाच, जी इमारत चार युनिटांच्या आत भागवील, तिची दुपारची वीज उन्हाळाभर कापायची नाही. संधी एकच. चाराचे सव्वाचार झाले की संपलं.

"काका, मी तुमच्या शब्दावर ऐंशी गणवेशांची ऑर्डर घेतलीय," दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी म्हणाल्या. "माझी मशीन विजेवरची. सकाळ पोरांत जाते, रात्री सुईचं भोक दिसत नाही. राहते ती दुपार. ती गेली की मी बुडाले."

"वहिनी, तुम्ही बॉबिन भरून ठेवा," काका म्हणाले. "बाकीचं माझ्यावर सोडा."

काकांची युक्ती साधी होती. दूध-भाजी उन्हाने नासू नये म्हणून प्रत्येकाने फक्त फ्रिज चालू ठेवायचा. बाकी सगळं बंद. आणि सहा घरांनी सहा पंखे लावण्यापेक्षा सगळ्यांनी तळमजल्यावर काकांच्या बैठकीच्या खोलीत एकाच पंख्याखाली बसायचं. तीन तासांत अडीच युनिटं. फार तर पावणेतीन.

"आणि त्या पंख्यावर लक्ष ठेवणार आमचं बाळ," काका म्हणाले.

बाळ म्हणजे टेबलावरचं एक काळं, वाटोळं खोकं. ते माणसाचं बोलणं ऐकून घरातली उपकरणं चालू-बंद करत असे. काकांनी त्याला पंखा जोडून दिला होता आणि स्वयंपाकघरातलं विजेचं पातेलं. मग महिनाभर समोर खुर्ची घेऊन, पहिलीतल्या मुलाला शिकवावं तसं त्याला शिकवलं होतं. 'फिर' म्हटलं की पंखा सुरू. 'बस' म्हटलं की पंखा बंद. 'उकड' म्हटलं की पातेलं सुरू. 'पुरे' म्हटलं की पातेलं बंद.

पण चार शब्दांवर थांबतील तर ते काका कसले? वरच्या मजल्यावर निवृत्त हेडबाई राहत. त्यांनी शाळेत चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं होतं. त्यांच्याकडून काकांनी ऐकलं होतं की क्रियापदाची रूपं कितीही असोत, आतला धातू एकच. झालं! काकांनी बाळाला धातू ओळखायला शिकवलं. मग 'उकड' म्हणा, 'उकडायला लाव' म्हणा, नाहीतर 'जरा उकडून घे', बाळ बरोबर पातेलं लावायचं. शिवाय एक शिस्त घालून दिली : पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, तर दर वेळी आच एका टप्प्याने वाढवायची.

"आणि याची जीभ का कापलीत?" काकूंनी विचारलं होतं. कारण पहिल्या आठवड्यात खोकं प्रत्येक कामाआधी 'बरं, करते' असं गोड आवाजात म्हणायचं. काकांनी तेही बंद करून टाकलं. आता फक्त त्याच्या डोक्यावरचा निळा दिवा लुकलुके.

"चांगला विद्यार्थी बडबडत नाही, काम करतो."

"चांगला विद्यार्थी शंका विचारतो," काकू म्हणाल्या. "आज काही गडबड झाली ना, तर तुमचं बाळ माळ्यावर. सांगून ठेवते."

ठरलेल्या दिवशी काकूंनी बटाटे धुऊन, पाणी घालून पातेल्यात ठेवले. पाच वाजून गेले की लावायचे. काकांनी स्वयंपाकघराचं दार घट्ट लोटून घेतलं. दोन वाजता जिन्याखालच्या मुख्य मीटरवरचा आकडा वहीत टिपला आणि आत येऊन रुबाबात म्हणाले, "फिर."

पंखा फिरला. सहा घरांतल्या सतरा माणसांनी माना वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"या हेडबाई, इकडे बसा," काकू म्हणाल्या.

पंखा थांबला.

"गेली का वीज?" पहिल्या मजल्यावरचा सलूनवाला म्हणाला.

"गेली नाही. दाब कमी झाला असेल," काका म्हणाले. "फिर." पंखा पुन्हा सुरू झाला.

"सरका जरा, मलाही बसू द्या," सलूनवाला म्हणाला. पंखा पुन्हा थांबला, आणि काकांनी किती वेळा सुरू केला तरी थांबतच राहिला.

"आई गं, काय उकडतंय!" शिवणवाल्या वहिनींनी पदराने वारा घेतला.

"उकडतंय म्हणजे काय, नुसतं उकडतंय!" सलूनवाल्याने दुजोरा दिला.

टेबलावरचा निळा दिवा तीनदा लुकलुकला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, कारण सगळे पंख्याकडे पाहत होते. लोटलेल्या दाराआड पातेल्याने एकदा खुट्ट केलं आणि मन लावून कामाला सुरुवात केली.

एवढ्यात दाराशी एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांचा गठ्ठा, चेहरा उन्हाने टोमॅटोसारखा.

"मी पाहणीसाठी आलेय. महागाई, तंत्रज्ञान, वीज आणि टोकाचं हवामान, या चार गोष्टींवर लोकांची मतं टिपायचीत. सकाळपासून चोवीस दारं वाजवली, एकानेही आत घेतलं नाही."

"मग योग्य घरी आलीस," काकूंनी तिला पाणी दिलं. "इथे सतरा जणांची मतं एकदम मिळतील. थांबवता येणार नाहीत, एवढंच."

मुलीने कागद काढला. "पहिला विषय महागाई. महिन्याचं भागतं का?"

"पगार पुरत नाही," एक जण म्हणाला. "तेल पुरत नाही." "पुरतंय कुठे? आमचा गॅस पंधरा दिवसही पुरेना!"

पातेलं बंद पडलं. अर्थात हेही कुणाला कळलं नाही.

"आता हवामान. उन्हाळा वाढलाय असं वाटतं?"

"वाटतं म्हणजे? पहाटेपासून उकडतं!" "लहानपणी असं उकडत नव्हतं हो." "भिंती उकडतात आमच्या, भिंती!"

पातेलं पुन्हा सुरू झालं, आणि तेही दोन टप्पे वरच्या आचेवर.

तीन वाजता काका मीटर पाहून परतले ते कपाळाला आठ्या घालूनच. तासाभरात एक युनिटही व्हायला नको होतं. झालं होतं दीड.

"कुणीतरी चोरून काहीतरी लावलंय," ते म्हणाले. "वहिनी, तुमची इस्त्री?"

"काका, इस्त्री माझ्या पिशवीत आहे. कुणी म्हणू नये म्हणून सोबतच घेऊन आले."

"भाऊ, तुझं केस वाळवायचं यंत्र?"

"एवढ्या उन्हात केस वाळवायला यंत्र लागतंय होय? गिऱ्हाईक दारात उभं केलं की वाळतंय!" सलूनवाला दुखावला. "तुम्ही संशय घेताय काका. डोकं फिरायची वेळ आली!"

थांबलेला पंखा गरकन फिरू लागला. सगळ्यांना बरं वाटलं आणि भांडण तात्पुरतं थांबलं.

पण मीटर थांबेना. साडेतीनला आकडा सव्वादोन. चार वाजता तीन. खोलीत दमट वाफ कोंदली होती. चष्म्यांवर धुकं जमलं. शिवणवाल्या वहिनी नुसत्या हातातली मोजपट्टी गुंडाळत होत्या, उलगडत होत्या. ते काकांनी पाहिलं. मोठ्या तोंडाने शब्द दिला होता आपण. ऐंशी गणवेश!

काकांनी वही घेतली आणि मीटरसमोर मांडी ठोकली. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज जास्त ओढली की तो भराभर मिचकतो, कमी ओढली की सावकाश. तीस वर्षं ज्यांनी मीटर वाचले, त्यांना तो दिवा म्हणजे रोग्याची नाडी. दार उघडं होतं, आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"वीजबिल परवडतं का?" मुलीने विचारलं.

"कसलं परवडतंय? पुरवून पुरवून वापरतो तरी पुरत नाही," आतून आवाज आला. लाल दिवा एकदम शांत.

"आणि उन्हामुळे कामावर परिणाम होतो का?"

"अहो, उकडून जीव जातो नुसता." लाल दिवा वेड लागल्यासारखा मिचकू लागला.

काका ताडकन उठले. "मुली, महागाईचा प्रश्न पुन्हा विचार."

"तो झाला, काका."

"विचार म्हणतो ना! आणि लगेच हवामानाचा."

तिने विचारलं. सतरा जणांनी मनापासून उत्तरं दिली. महागाईवर दिवा निजला, हवामानावर जागा झाला. काका दारात खिळून उभे राहिले. "आपण हवेला नावं ठेवली की मीटर पळतंय. हे कसं काय?"

हेडबाईंनी चष्मा पुसला. इतका वेळ त्या पंख्याकडे पाहत होत्या. "काका, माणसाला बसा म्हटलं की तुमचा पंखा बसतो. डोकं फिरलं म्हटलं की तो फिरतो. तुम्ही या खोक्याला धातू शिकवलेत ना?"

"तुमच्याकडूनच शिकून."

"पण माझा अर्धाच धडा ऐकून गेलात. धातू एक असला, तरी अर्थ वाक्यात बसल्यावर कळतो. माणसाला उकडतं आणि बटाटा—"

"बटाटे!" काकू स्वयंपाकघराकडे धावल्या. दार उघडताच वाफेचा असा लोट आला की पुढचा मिनिटभर कोण कुठे आहे हे आवाजावरूनच ओळखावं लागलं. काकूंनी आधी पातेल्याची पिन उपटली, मग बाहेर येऊन बाळाची. पंखाही थांबला.

"किती झालंय?" वहिनींनी विचारलं.

काका मीटर पाहून आले. साडेचार वाजले होते. "तीन पूर्णांक पंचाहत्तर. नुसते फ्रिजच अर्ध्या तासात अजून पाव युनिटाहून जास्त खातील." त्यांनी वही मिटली. "वहिनी, चूक माझी. पण खेळ संपलेला नाही. सगळ्यांनी घरी जा, फ्रिजची पिन काढा, आणि पाचपर्यंत त्याचं दार उघडू नका. अर्ध्या तासात दूध नासत नाही."

सहा घरांची माणसं जिन्यावरून अशी पळाली, जणू वर कुणीतरी फुकट बर्फ वाटतंय. एकेक जण परतला तसा लाल दिवा मंदावत गेला. सहावा आला आणि तो मिटला. काका त्याच्यासमोरून हललेच नाहीत. बाकीचे दरवाज्यात, ओसंडत्या घामाने, चुपचाप उभे. पाहणीच्या मुलीने आपले उरलेले कोरे कागद वारा घ्यायला वाटून टाकले. खोक्याची पिन काढलेली होती, तरी 'तो' शब्द कुणी उच्चारत नव्हतं. सलूनवाल्याने एकदा तोंड उघडलं, सोळा जणांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मिटलं.

पाच वाजले. पाच वाजून दोन मिनिटांनी काकांच्या फोनने किणकिण केली. काकांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं : "तीन पूर्णांक शहात्तर. आपली इमारत पात्र ठरली आहे."

मग काय विचारता! सलूनवाल्याने काकांना उचललं, ठेवायचं कुठे हे न सुचल्याने थोडा वेळ उचलूनच धरलं. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला एक शर्ट शिवून देणार. मापाला यायचं."

बटाट्यांचा पार लगदा झाला होता. काकूंनी त्यात मीठ, मिरपूड आणि लोणी घालून सतरा वाट्या भरल्या. अठरावी पाहणीच्या मुलीची. इतका गुळगुळीत लगदा कुणी जन्मात खाल्ला नव्हता. त्या संध्याकाळी सहापैकी एकाही घरात चूल पेटली नाही, हा आणखी एक फायदा, तो काकांनी नंतर आपल्या योजनेत धरला.

"काका, शेवटचा प्रश्न राहिला," मुलगी चमचा चाटत म्हणाली. "नव्या तंत्रज्ञानावर तुमचा किती विश्वास आहे? पूर्ण, थोडा, की अजिबात नाही?"

काकांनी टेबलावरच्या खोक्याकडे पाहिलं. काकूंनी माळ्याकडे पाहिलं.

"पोर गुणी आहे," काका म्हणाले. "सांगितलं तेवढं अक्षर न अक्षर केलं त्याने. शिकवणाऱ्याने धडा अर्धा ठेवला. तसं लिही."

"असा रकाना नाही हो कागदावर."

"मग आखून घे."

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. "राहू दे त्याला टेबलावर," त्या म्हणाल्या. "पण उद्यापासून हेडबाईंकडे पाठवा शिकायला. दोघांनाही."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी दोनच्या ठोक्याला दुसऱ्या मजल्यावर शिवणयंत्र धडधडू लागलं. ते ऐकत काका ताठ मानेने बैठकीत येतात, बाळाला 'फिर' म्हणतात आणि पंख्याखाली, काही न बोलता, खुर्चीवर टेकतात. समोरच्या भिंतीवर काकूंनी स्वतःच्या हाताने लिहून एक पाटी लावली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती मोठ्याने वाचू नये, म्हणून काका दारातच प्रत्येकाला तोंडावर बोट ठेवायला सांगतात :

'या घरात माणसांना गरम होतं. उकडतात ते फक्त बटाटे.'