एहतियातवाले रावसाहेब

आमच्या गावात घराची किल्ली जागेवर सापडली नाही, तर कुणी घाबरत नसे. कोनाड्यात हात घालायचा, किल्लीऐवजी बोटांना चिंचोका लागला की कपाळावर हात मारायचा आणि मुकाट्यानं रावसाहेबांच्या ओट्याकडे चालू लागायचं. तिथे रावसाहेब आरामखुर्चीत बसलेले असत. पुढ्यात पितळेची ताटली आणि ताटलीत गावातल्या दोन-चार घरांच्या किल्ल्या.

"या. कुठे ठेवली होती?"

"कोनाड्यात."

"तुमचे वडील कुठे ठेवायचे?"

"तिथंच."

"आणि आजोबा?"

माणूस ताटलीतली आपली किल्ली शोधायला लागे.

"म्हणजे तीन पिढ्या चोराला पत्ता देऊन ठेवलाय! बसा जरा. एक वारदात सांगतो."

अर्धा तास वारदात, म्हणजे कुठल्यातरी चोरीची हकीकत, ऐकल्याशिवाय किल्ली हातात पडत नसे. बैल तहानलेले असोत की चुलीवर भात असो. शेवटी रावसाहेब किल्ली पुढे करत आणि म्हणत, "चोर भिंतीतून येत नाही, सवयीतून येतो. एहतियात ठेवा." एहतियात म्हणजे खबरदारी. हा शब्द ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की गावातली मुलं त्यांना पाहिलं की आपणहून घराची कडी लावून घेत.

हे गाव शहरातलं मलकपेठ ओलांडून पुढे दोन कोसांवर होतं. राज्य निजामाचं, वस्ती तेलुगू, आणि मी कराडकडची. तिसरीतून शाळा सुटली ती सुटलीच. सोळाव्या वर्षी लग्न होऊन दोन दिवसांचा प्रवास करून इथे येऊन पडले. आमचे हे शहरात कोठी भागात एका कापडाच्या दुकानात गुमास्ते होते. शहरात प्लेगाची आवई उठली तेव्हा आम्ही या गावात खोली घेतली आणि मग स्वस्त पडते म्हणून इथेच राहिलो. सकाळी हे सायकलवर टांग टाकून जायचे ते दिवेलागणीला परत. दिवसभर मी एकटी. शेजारी बोलतात ते कळत नाही, आपण बोलतो ते त्यांना कळत नाही. त्यात मी जातीचीच भित्री. मांजरानं पत्र्यावर उडी मारली तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं.

त्यात ह्यांनी एक दिवस सांगून टाकलं, "हे बघ, घरातलं एक भांडं जरी गेलं ना, तर तुला कराडला भावाकडे पोचवीन. तू इथे एकटी नि मी तिथे गिऱ्हाइकाला धोतरं दाखवतोय, माझा जीव लागत नाही."

ह्यांच्या मनात माया होती, हे मला कळत होतं. पण भावाच्या घरी माझ्या नावाची भाकरी नव्हती. निघताना वहिनीनं ओटी भरली होती आणि म्हणाली होती, "आता एवढ्या लांबून सणासुदीला येत बसू नका हो." तेव्हा चोराची भीती मला होतीच, पण चोरापेक्षा कराडची जास्त होती.

अशा वेळी रावसाहेब भेटले. म्हणजे काय, विहिरीवरून आले तर माझ्याही कोनाड्यात चिंचोका!

मी रडतच त्यांच्या ओट्यावर गेले. मला पाहून बिचारे उठून उभे राहिले. "अरे अरे, रडू नक्को मुली! मराठी आहेस होय? आधी सांगायचं नाही का!" मला वारदात न ऐकवता किल्ली मिळाली. गावात हा मान दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता. त्या दिवसापासून रोज सकाळी हे गेले की रावसाहेब काठी टेकत येत, रस्त्यातूनच विचारत, "कडी? कुलूप? मागचं दार?" मी तिन्हीला "हो" म्हटलं की "शाबास" म्हणून पुढे जात. परक्या मुलखात माझ्या घराची कडी लागली की नाही याची काळजी करणारं माणूस होतं. ते नसतं तर मी त्याच वर्षी आपणहून कराडची गाडी धरली असती.

रावसाहेब शहरातल्या जुन्या घराण्यातले. आजोबा सरकारी दफ्तरात, वडील वकील, भाऊ शाळेत शिकवायचे. हे स्वतः तीस वर्षं अदालतीत मिसली नकलून काढत होते. मिसल म्हणजे एकेका खटल्याच्या कागदांचा गठ्ठा. चोऱ्या, आगी, विहिरीत पडलेली माणसं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. पेन्शन झाल्यावर ते या गावी येऊन राहिले आणि वाचलेलं सगळं गावाला लागू करायला घेतलं. गंमत अशी, की जन्मात त्यांनी खरा चोर पाहिला नव्हता. एकदा पोलीस पटेलांनी खरबुजं चोरणारा एक जण धरून मुद्दाम त्यांच्यापुढे उभा केला. रावसाहेबांनी त्याला पाट दिला, चहा दिला आणि अदबीनं विचारलं, "आपण आत कसे शिरलात?"

"राखणदार झोपला होता, साब."

रावसाहेबांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. "बघा पटेल! मिसलीत अगदी असंच आहे!"

त्यांचं पंचांग वेगळंच होतं. उन्हाळा आगीचा, पावसाळा सापांचा आणि ओढ्याचा, सुगी चोरांची. उन्हाळ्यात वारा सुटायच्या आत, म्हणजे सकाळी दहापर्यंत, गावातली प्रत्येक चूल विझली पाहिजे आणि राखेवर पाणी पडलं पाहिजे. हे बघायला ते घरोघर जाऊन राखेत काठी खुपसायचे. माझी शेजारीण मल्लम्मा म्हशी राखायची, तोंडाची मोठी फटकळ. मोडक्या दखनीत मला सांगायची, "बुढ्ढे की अपनी चूल नै, दुसऱ्यांच्या चुलीत लकडी घालतंय." प्रत्येक गंजीपाशी पाण्याचे चार घडे भरून ठेवायचे, हा त्यांचा दुसरा हुकूम. लोक कुरकुरत भरायचे. मग एका चैत्रात भर दुपारी मल्लम्माच्याच कडब्याच्या गंजीला आग लागली. घडे तिथेच होते. म्हशी सोडेपर्यंत आग विझलीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून रावसाहेबांच्या ओट्यावर रोज दह्याची वाटी यायला लागली. मल्लम्मा वाटी ठेवायची, शिव्याही द्यायची आणि जायची.

पावसाळ्यात अडगळीत हात घालण्यापूर्वी काठी तीनदा आपटायची. रावसाहेब काठी आपटून वर म्हणत, "हुजूर, जरा बाजूला तशरीफ ले जाइए."

मी एकदा विचारलं, "सापाशी उर्दू कशाला हो?"

"सरकारी जबान आहे, मुली. साप काय राज्याबाहेरचा आहे?"

सुगी आली की सारं गाव ज्वारी काढायला शेतात. दुपारी गल्लीत कुत्रं फिरकायचं नाही. या सुगीसाठी रावसाहेबांनी चार महिने विचार करून एक इंतजाम काढला. ज्याला घर सोडून जायचंय, त्यानं दाराच्या कडीला लिंबाची डहाळी अडकवायची. डहाळी दिसली की घरी असलेल्या शेजाऱ्यानं त्या दारावर नजर ठेवायची. चावडीवर हे सांगितलं तेव्हा पटेलांनी मान डोलवली, म्हातारे वाहवा म्हणाले. ह्यांनीसुद्धा घरी येऊन माझ्याजवळ कौतुक केलं. चोरालाही डोळे असतात, हे त्या सबंध चावडीवर एकाच्याही ध्यानात आलं नाही. तीस वर्षं मिसली लिहिलेल्या माणसाच्याही नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी डहाळी लावून ओढ्यावर धुणं धुवायला गेले. मल्लम्मा शेतात होती. समोरची म्हातारी नजर ठेवता ठेवता पेंगली असावी. परत आले तर मागच्या कुडाला भगदाड, आणि न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ गायब. आमच्याकडे नेण्यासारखं तेवढंच होतं. आणि ते लपवता येण्यासारखं नव्हतं. हे दुकानातून आले की पहिली अंघोळ.

मी धावत रावसाहेबांकडे गेले. काय बोलले आठवत नाही. "कराड, कराड" एवढंच म्हणत होते बहुतेक. ते आले. कुडाचं भगदाड बघितलं. मग पुढच्या दाराशी जाऊन डहाळीसमोर उभे राहिले. तिची पानं एकेक करून तोडत राहिले. एक मिसल नाही, एक वारदात नाही. "आत जा, कडी लाव," एवढं म्हणाले आणि गेले. चालताना काठी टेकायची विसरले होते.

दिवेलागणीला ह्यांनी सायकल भिंतीला लावली, तोच रावसाहेब दारात हजर. ह्यांचा हात धरून त्यांनी तळव्यावर चिंचोका ठेवला.

"घंगाळ माझ्याकडे आहे."

"काय?" हे बघतच राहिले. "रावसाहेब, किल्लीपर्यंत ठीक होतं हो! घंगाळ?"

"मिसलीत घंगाळंच जास्त जातात. तुमचा कूड कच्चा आहे. उद्या मी माणूस पाठवून लिंपून देतो. यात मुलीचा काडीचा कसूर नाही, तिनं सगळं बरोबर केलं होतं. आणि घंगाळ परवा मिळेल. उचलताना पडलं, पोचा आलाय, तांबटाकडे ठोकायला दिलंय."

"ह्या वयात कूड फोडून घंगाळ उचललंत?" असं म्हणता म्हणता ह्यांना हसूच फुटलं. मला तर इतकं हलकं वाटलं, की दोन घटकांनी रावसाहेबांचा रागच आला. मग दुपारभर मला रडवलंत कशाला?

दुसऱ्या दिवशी चावडीवर ते स्वतःच उभे राहिले. "डहाळी बघून मी आत शिरलो. मी शिरलो तर कुणीही शिरेल. इंतजाम चुकला, अक्कल माझी गेली. आजपासून डहाळी प्रत्येक दाराला, घरी माणूस असो नसो. आणि गल्लीतलं एक जण पाळीनं मागे राहील, न पेंगणारं." पटेल म्हणाले, "रावसाहेब, आता तुमच्यावरच मिसल करावी लागते की!" चावडी खो खो हसली. पोरं त्यांना "घंगाळचोर" म्हणायला लागली. ज्यांच्यापुढे गाव अर्धा अर्धा तास खाली मान घालून बसायचं, ते पोरांचं ऐकून घेत नुसते मान हलवत पुढे जायचे. गावातले लिंब बोडके झाले, पण त्या सुगीत पुन्हा कुठे चोरी झाली नाही.

तिसऱ्या दिवशी घंगाळ आलं. रावसाहेबांनी ते स्वतः काखेत धरून आणलं होतं. लखलखीत, पोच्याचं नावसुद्धा नाही. ह्यांनी दोन तांबे अंगावर ओतून आतूनच सांगितलं, "पहिल्यापेक्षा बरं झालंय गं!" कराडचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

पुढच्या आठवड्यात मी ते राखेनं घासायला घेतलं. काठाखाली एका जागी बोटाला खरखर लागली. उजेडात धरलं. वीतभर जागेवर कानस मारलेली होती. सुरुवातीला जोरात, मग हळूहळू, आणि शेवटी हात थांबलेला. तिथे दोन अक्षरं राहिली होती. तिसरीपर्यंतची माझी विद्या, मी बोट ठेवून वाचली. 'बाई'.

आमच्या घंगाळावर कुणाचंच नाव नव्हतं. ते आम्ही बाजारातून घेतलेलं होतं.

मी मल्लम्माला बोलावलं. तिनं घंगाळाकडे बघितलं आणि तिच्या तोंडून पहिल्यांदाच शिवी निघाली नाही. म्हणाली, ती रावसाहेबांकडे झाडलोट करायची तेव्हा हे फळीवर असायचं. पाणी कधी पडलं नाही त्यात. बुढ्ढा बादलीनं अंघोळ करतो आणि दर शुक्रवारी हे खाली काढून पुसतो. घरवालीचं होतं. लगीन होऊन आली तेव्हाचं. ती शहरातच गेली म्हणे, बुढ्ढा इथे यायच्या कितीतरी आधी.

हे दुकानातून यायला अवकाश होता. मी ओट्यावर गेले. रावसाहेब उठायला लागले, मी नको म्हटलं. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

"त्यांचं नाव काय होतं, रावसाहेब?"

"कुणाचं?"

"घंगाळावर होतं ते."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेतलं, कुणी येत नव्हतं. मग म्हणाले, "यमुना."

मी म्हटलं, "पुढचं 'बाई' तेवढं राहिलंय त्याच्यावर."

"तेवढंच राहिलं होय?" ते जरासे हसले. "ते तिला मुळीच आवडायचं नाही. म्हातारी झाल्यासारखं वाटतं म्हणायची. एकोणीस वर्षांची तर होती."