दोन रकान्यांची वही

शिवलीलाला कुणी काही सांगितलं की ती आधी वही काढायची. वहीत दोन रकाने: ‘कुणी सांगितलं’ आणि ‘काय सापडलं’. उमरग्याच्या आमच्या नर्सिंग शाळेत मी वीस वर्षं शिकवतोय, पण त्या वहीइतकी धास्ती मला कुठल्या तपासणी पथकाचीही वाटली नाही. कारण पहिल्या रकान्यात बहुतेक ठिकाणी माझंच नाव असायचं.

पोरगी सास्तूरची. अंगानं काडी, आवाज मात्र वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. ठरलेलं वाक्य एकच, "कुणी मोजून बघितलंय का?" मेसच्या मावशी एकदा म्हणाल्या, थंडीत दह्यानं सर्दी होते. शिवलीलानं निम्म्या वसतिगृहाला आठवडाभर दही खायला लावलं, निम्म्याचं बंद केलं, आणि जेवताना शिंका मोजत बसली. मावशी वैतागून माझ्याकडं आल्या. "सर, सर्दीचं मला ठावं न्हाय. माझं दही संपलं, येवढा पुरावा बास हाय!"

मी पोट धरून हसलो होतो. पुढं शिवलीलानं माझ्या टेबलावर नव्या संशोधनाचे छापील कागद आणून ठेवले, तेव्हा मात्र हसू आलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ स्पिरिट-पावडर लावून चोळायची, लाल झालेली जागा जास्त चोळायची, हे मी प्रत्येक वर्गाला शिकवत आलो होतो. कागद सांगत होते, लाल जागा चोळू नका, आतून इजा होते. कूस बदला, जागेवरचा भार काढा. मी दोनदा वाचलं. पटलं. आणि कागद हजेरीच्या रजिस्टरखाली सारले. वीस वर्षांत शिकवून बाहेर पाठवलेल्या पोरींना आता काय सांगणार होतो?

मग प्रॅक्टिकल परीक्षा आली. शिवलीलाच्या वाट्याला नेमकं पाठीचंच काम. खाटेवर लकवा झालेले एक आजोबा, माकडहाडावर लाल डाग. तिनं पाठ पुसली, कोरडी केली, त्यांना कुशीवर वळवून उशी लावली. स्पिरिटच्या बाटलीला हात लावला नाही.

"चोळ की," बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या.

"न्हाय मॅडम. लाल जागा चोळली की फुटती."

"हे कुणी शिकवलं तुला?"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग उशीकडं. 

"सर, तुम्ही काय शिकवता? एवढ्यावर ही नापास होईल."

"पाठ माझी हाय," आजोबा उशीतूनच म्हणाले, "मला कुणी इचारंना!" कुणी हसलं नाही.

मी म्हणालो, "चोळायचंच शिकवतो."

शब्दाशब्दानं खरं होतं. म्हणूनच जास्त लाज वाटली.

शिवलीला बाहेर गेली. वही खाटेच्या पायथ्याशी राहिली होती. मी पहिलं पान उघडलं. दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. ‘कुणी सांगितलं: सर. दिवसातून दोनदा चोळणे. काय सापडलं: अप्पांची पाठ. आठव्या दिवशी फुटली.’

अप्पा म्हणजे तिचे वडील. वही तिथूनच सुरू झाली होती.

मी वही घेऊन बाहेर आलो. ती पायऱ्यांवर बसली होती. "हे मला कधी सांगितलं का नाहीस गं?"

"तुमाला लागलं असतं, सर. तुमी मनापासून शिकवलं व्हतं." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "आन एका माणसावरनं पुरावा होत न्हाय."

"अप्पा कसे आहेत?"

"भरली जखम. सा म्हैने लागले. आता आई कूस बदलती, वेळ बघून."

मी टेबलाकडं गेलो, रजिस्टरखालचे कागद काढले आणि वॉर्डात परतलो. गुणपत्रिका माझ्या सहीसाठी थांबली होती. तिच्यावर मी ते कागद ठेवले आणि म्हणालो, "मॅडम, तिचं बरोबर आहे. चुकीचं मी शिकवत होतो."

मॅडमनी चष्मा वर केला. "आणि हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिवलीलानं," मी म्हणालो.