कपाटाला लाख, बोगद्याला दरवान

आमच्या शेजारच्या गजभिये काकाजींच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. कुलपावर कापड गुंडाळलेलं आणि कापडावर लाल लाखेचं सील. आत सोनं नाही, जमिनीची कागदपत्रं नाहीत. आत एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला हवा लागावी म्हणून कपाटाची मागची बाजू सबंध कापून काढली आहे. म्हणजे पुढून सील आणि मागून मैदान. मी एकदा हे नम्रपणे लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "शेठ, मागं भिंत आहे ना! भिंतीतून येईन काय चोर?"

मी पितळी भांडी विकतो. एवढ्या खोल सुरक्षाशास्त्रात मला गती नाही.

काकाजी भंडाऱ्याच्या कोषागारातून निवृत्त झाले. तिथं तिजोरीच्या खोलीला दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं. एकट्याला उघडताच येत नाही. "जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया गेला, पण माही किल्ली कोणाच्या हाती गेली नाही," हे ते अशा थाटात सांगतात, जणू गोंदियावाले किल्लीवर डोळा ठेवूनच वेगळे झाले होते.

कपाटातल्या कॉम्प्युटरला ते 'खजिना' म्हणतात. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईतली, म्हणजे जत्रेतली, नाटकं नि दंडारीचे खेळ त्यांनी स्वतः कॅमेऱ्यात टिपून त्यात साठवले आहेत. अर्धं चित्र पुढच्या माणसाच्या मफलरनं व्यापलेलं आणि नटांच्या संवादांपेक्षा काकाजींचा खोकला खणखणीत. नायिका विष पिते आणि ठसका कॅमेऱ्यामागे लागतो.

घरात हा खजिना सुखात होता. पण काकी नातीला सांभाळायला पुण्याला लेकीकडे गेल्या. महिनाभरासाठी गेल्या होत्या; नात शाळेत जायला लागली तरी तिकडंच. एक दिवस त्यांनी फर्मावलं, "मले इथून फोनवर एकोडीची मंडई पाहायची आहे." एकोडी त्यांचं माहेर. पुण्याच्या जावयानं फोनवर उपाय सुचवला, "बाबा, राउटरमध्ये एक दार उघडून द्या, झालं."

"साऱ्या दुनियेकडं दार उघडं टाकून निजू काय मी?" काकाजी कडाडले. इथं मात्र माणूस बरोबर होता. खूप वाचून, जावयाला पुष्कळ पिडून त्यांनी व्हीपीएन टाकलं. म्हणजे इंटरनेटमधून थेट घरापर्यंत खणलेला खासगी बोगदा. ज्याच्या फोनमध्ये त्याची किल्ली, तोच आत येणार. तुमच्याआमच्यासारखा माणूस इथं थांबून चहा पितो. काकाजी म्हणाले, "बोगदा झाला. दरवान कुठं आहे?"

दरवान मी झालो. खजिन्याचा पासवर्ड रोज बदलायचा. पहिला अर्धा त्यांचा, दुसरा अर्धा माझा. मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून हजर. आधी सील तपासायचं. "शाबूत?" "शाबूत." मग ते टेबलावरच्या लॅपटॉपवर त्यांचा अर्धा टाइप करत, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायचं, मी टाइप करताना ते भिंतीकडे. दोन प्रौढ माणसं आळीपाळीनं कोपऱ्यात उभी! रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, शाळेत शिक्षा झाली आहे.

मग काकींचा फोन. "काहो, उघडून देता काय?"

काकाजी तोंडाशी हात धरून आपला अर्धा कुजबुजत, फोन माझ्या हाती देत आणि माझा अर्धा कानावर पडू नये म्हणून व्हरांड्यात जात. माझा अर्धा मी कधीच बदलला नव्हता, काकींना तो पाठ होता. तेवढ्या वेळात त्या मला विचारत, "भाऊ, जेवतात ना बरोबर?" फोन परत गेला की काकींची तोफ सुरू. "त्या चोरानं तुमची नाटकं नेली, तर दोन दिवसांत वापस आणून देईन तो!"

"सुरक्षा म्हणजे सुरक्षा," काकाजी म्हणत.

त्याआधी या दोघांचं फोनवरचं बोलणं 'जेवले काय?', 'जेवलो' इथं संपायचं. आता भांडणातून वरणातल्या मिठाकडे, मिठातून नातीच्या पडलेल्या दाताकडे, असं सुखात चालायचं.

आणि मग मी लाखांदूरला लग्नाला गेलो. परतीची बस हुकली, फोनला रेंज नाही. काकींना माझा अर्धा पाठ होता, पण दुसऱ्या माणसाशिवाय काकाजी आपला अर्धा सांगेनात; अर्धी किल्ली वऱ्हाड्यांत अडकली आणि काकींची मंडई बुडाली. दिवाळीला जावई आले, तेव्हा त्यांनी आमची दोघांची नोकरी घालवली. "बाबा, बोगदा पुरेसा आहे." रोजचा पासवर्ड गेला. काकींच्या फोनसाठी खजिना कायमचा उघडा.

तरी मी सवयीनं जात राहिलो, सील तपासत राहिलो. बाहेरून कोणी आत आलं की लॅपटॉपवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. संध्याकाळी ठिपका लागे. "आली," काकाजी म्हणत. मग शेजारी ठेवलेल्या फोनकडे बघत बसत. तो मुका.

"आता तिले मले इचारायची गरज नाही राहिली," ते एकदा म्हणाले.

"तुम्हीच करा की फोन."

"कायले? कारण काय सांगू?" कोषागारातला माणूस. कारण लिहिल्याशिवाय पैसा हलला नाही, तर शब्द कसा हलणार?

परवा आम्ही दोघं तसेच बसलो होतो. ठिपका लागला. "आली." आणि फोन वाजला. काकाजी स्पीकरवरच बोलतात.

"काहो, ते उघडून नाही राहिलं."

मी लॅपटॉपकडे बघितलं. ठिपका हिरवागार. फोनमध्ये काकींच्या मागे पेटी वाजत होती, आणि मग एक खणखणीत खोकला आला. काकाजी तर माझ्यासमोर तोंड मिटून बसले होते.

मी बोलायला तोंड उघडलं. काकाजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"नाही उघडत?" ते फोनला म्हणाले. "थांब. सारं तपासा लागेन. वेळ लागेन."

"लागू द्या. मी आहे बसून."

काकाजींनी लॅपटॉप हलकेच मिटला. "नातीचा नवा दात आला काय?" त्यांनी विचारलं, आणि मला हातानं दाराकडे खूण केली. दुसरी किल्ली मुकाट्यानं उठली.

चप्पल घालताना लक्षात आलं, आज कपाटाचं सील तपासायचं राहिलंच. पहिल्यांदाच.