राजदंडाचे तीन सेल

मी बढाई मारत नाही. रोज सकाळी जपाला बसताना आधी अकरा वेळा 'अहंकार नको' म्हणते, मगच पहिला मणी ओढते. पण नाटकाचं सामान करावं तर मीच, असं आमचं सगळं नाट्यमंडळ म्हणतं, त्याला मी काय करू? त्यामुळे दिग्दर्शक जेव्हा म्हणाले, "यंदा राणीच्या हातात उजळणारा आणि गडगडणारा राजदंड हवा," तेव्हा मी शांतपणे म्हटलं, "होऊन जाईल!"

बोलून गेले आणि जिवाला घोर लागला.

कारण राणी होती माझी धाकटी जाऊ. अकरा वर्षं ती मंडळात आहे. कधी मागे उभी राहून पंखा हलवला, कधी तबक धरलं, एकदा तर चक्क झाड झाली! आता कुठे राणी मिळाली, तीही एका प्रवेशापुरती. सेनापती दरडावणार, ही दंड उंचावणार, लखलखाट, गडगडाट, सेनापती पालथा!

"दंड चालला नाही तर प्रवेशच काढून टाकीन," दिग्दर्शकांनी बजावलं. "नुसत्या काठीला घाबरणारा सेनापती लोक खपवून घेणार नाहीत."

"ताई, माझी लाज तुमच्या हातात," जाऊ म्हणाली.

"अगं, काळजी कसली करतेस?" मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी जप करताना तीनदा मणी चुकले.

नळाच्या पाइपाचा दंड झाला. वर काचेचा गोळा, त्यात वीस बारीक एलईडी. मुठीत बिस्किटाएवढा आवाजाचा बोर्ड. विजेच्या सामानाच्या दुकानदाराने तो जोडून दाखवला, तर बोर्ड साखरेत घोळलेल्या बाईच्या आवाजात म्हणाला, "मी तयार आहे!"

"हे काय हो?"

"चालू केलं की एकदा म्हणतो. कंपनीनेच भरलंय ते. मग गप्प. बटण दाबलं की तुमचा गडगडाट."

"याला तो नाण्यासारखा चपटा सेल चालेल?"

"बाई, वीस दिवे आणि वर आवाज! मुंगीच्या पाठीवर कपाट ठेवाल का?"

"मग तो चौकोनी, नऊ व्होल्टचा?"

"बोर्ड जळेल. धूर निघेल. राणीसकट!"

"मग घालू तरी काय?"

"तीन पेन्सिल सेल. नवे. तिन्ही एकाच पाकिटातले. जुना-नवा एकत्र करू नका. एक दमला की तिघेही बसतात."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. फक्त सेल तेवढे घेतले नाहीत. घरातलं अर्धवट संपल्याशिवाय नवं आणायचं नाही, हा माझा तेवीस वर्षांचा नेम. साबणाची चिपटीसुद्धा मी वाया जाऊ देत नाही, आणि घरभर सेल पडलेले असताना नवे आणू? प्रयोगाच्या आदल्या दिवशी एक भिंतीवरच्या घड्याळातून काढला, एक दारावरच्या बेलमधून, एक वजनकाट्यातून. नाटक झालं की ज्याचं त्याला परत द्यायचं म्हणून प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. इतकी मी व्यवस्थित!

दिव्याचं बटण दाबलं. लख्ख! आवाजाचं दाबलं. असा गडगडाट झाला की ह्यांच्या हातातून पेपर पडला. दोन्ही एकदम दाबून बघणार, तोच हे ओरडले, "पुरे आता! शेजारी पोलीस बोलावतील!"

मी बोट मागे घेतलं. तेवढंच चुकलं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारपासून मी येरझाऱ्या घालत होते. राणीचा झगा घेऊन शिंपी येणार होता, त्याचा पत्ता नाही. जाऊ मागच्या खिडकीत संवाद पाठ करत, मी आतल्या खोलीत, हे सोफ्यावर आडवे.

"अहो, निघायचं ना?"

"चार दहा झालेत. प्रयोग सहाला, खूप वेळ आहे."

बऱ्याच वेळाने पुन्हा विचारलं. ह्यांनी एक डोळा उघडून भिंतीकडे पाहिलं. "चार दहा."

जाऊने मनगटावर पाहिलं आणि किंचाळली, "दादा, साडेपाच वाजले!"

शिंप्याला फोन लावला. "अर्धा तास बेल दाबत होतो!" तो उलट माझ्यावरच खेकसला. "शेवटी झगा घेऊन परत आलो!"

"घड्याळ बंद, बेल बंद," हे गाडी काढता काढता म्हणाले. "नक्की वायरिंग गेलंय. उद्याच वायरमनला बोलावतो." मी दंड पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत राहिले. वाटेत झगा उचलला. जाऊने तो गाडीतच चढवला. शिंप्याची एक टाचणी आत राहिली होती, ती तिला प्रत्येक वळणावर भेटत होती.

पोचलो तेव्हा तिचा प्रवेश तोंडावर आला होता. मी विंगेत दंड चालू केला. "मी तयार आहे!" मी तो तिच्या हातात दिला.

सेनापती कडाडला, "बोल! सिंहासन सोडायला तयार आहेस?"

जाऊने दंड उंचावला आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. गोळा क्षणभर चमकला, विझला आणि त्या भयाण शांततेत गोड आवाज आला, "मी तयार आहे!"

पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकलं. पालथं पडायचं की सिंहासनावर बसायचं, हे सेनापतीला कळेना. त्याने पुन्हा दरडावलं, "स... सोडतेस?"

जाऊने पुन्हा दाबलं. "मी त... मी त... मी तयार आहे!"

सगळं सभागृह हसून लोळायला लागलं! दमलेल्या सेलांना दोन्ही ओझी पेलेनात, बोर्ड दर वेळी बंद पडून नव्याने चालू होत होता; एकच बटण दाब, एवढं तिला सांगायला हवं होतं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "एकच दाब!"

शेजारी उभा असलेला पडदेवाला वाकून म्हणाला, "काकू, काही म्हणालात?"

जन्मभर हळू बोलण्याचं हे फळ!

तेवढ्यात जाऊच्या अंगात अकरा वर्षांची झाडं आणि तबकं संचारली. "हा दंड असेल तयार!" ती गरजली. "मी नाही!" आणि तिने तो दंड सेनापतीच्या शिरस्त्राणावर हाणला. फाडकन! सेनापती खरोखरचा पालथा. दंडाचे दोन तुकडे, तीन सेल तीन दिशांना. एक घरंगळत पहिल्या रांगेत ह्यांच्या पायाशी. ह्यांनी उचलला, चिठ्ठी वाचली, 'भिंतीवरचं घड्याळ', आणि सावकाश विंगेकडे पाहिलं. टाळ्यांच्या कडकडाटात मी पडद्याआड सरकले.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक धावत आले. जाऊने माझा हात घट्ट धरला. गेला प्रवेश!

"काय कल्पना आहे!" त्यांनी आम्हा दोघींना हात जोडले. "पुढच्या आठवड्यात स्पर्धेत हेच हवं! अगदी असंच! जमलं तर राणीला आणखी दोन प्रवेश देतो."

जाऊ रडायलाच लागली. मी शांतपणे म्हटलं, "होऊन जाईल!"

दंड सांधला. पण ते तीन सेल तोवर पार मेले होते, बोर्ड हूं की चूं करेना. घरात दुसरा जुना सेल उरला नव्हता. शेवटी नेम मोडून तीन नवे आणले, आणि दोन्ही बटणं दाबताच असा लखलखाट, असा गडगडाट, की पाहत राहावं! दिग्दर्शकांचा चेहरा पडला. "हे नको हो. तसं अडखळायला पाहिजे."

म्हणून गेले चार दिवस आम्ही दोघी जावा भर दुपारी टॉर्च पेटवून त्याच्यासमोर बसून आहोत. त्यात घातलेले नवे सेल अर्धे झिजायला हवेत. दर तासाला जाऊ ते दंडात घालून बघते, दंड दणदणीत गडगडतो आणि ती कपाळाला हात लावते.

"ताई, परवा स्पर्धा! हे संपत का नाहीत हो?"

आता काय सांगू? नवे सेल किती टिकतात हे ठाऊक असायला, मी ते आयुष्यात कधी आणले होते?