जबाबदार सभासद

एडिसन गावातल्या आमच्या शुभंकर मंडळात कोणीही दारू पीत नाही. काही सभासद कोक पितात आणि तो प्रत्येक कार्यक्रमात गाडीच्या डिकीपाशी उभं राहून पितात, एवढंच. २००५ च्या दिवाळीला मात्र हॉलच्या मालकाने पार्किंग लॉटमधल्या या कोकला हरकत घेतली. प्यायचं तर आत, आणि आत प्यायचं तर सरकारी परवाना हवा, असं त्याने बजावलं.

परवाना एका दिवसाचा होता, अटी जन्मभर पुरतील एवढ्या. मंडळाने एक जबाबदार सभासद नेमावा. त्याने समारंभ संपेपर्यंत बारपाशी उभं राहावं. स्वतः थेंबही घेऊ नये. आणि त्याच्या नावाचा परवाना दारातच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा लावावा. दारू पिणाऱ्यांना शिस्त लावण्यासाठी न पिणाऱ्याला धरायचं, हे सरकारचं धोरण आम्हा कार्यकारिणीला फार पटलं.

“आई सांगलीहून आलीय यार,” प्रसन्न म्हणाला. “तिने माझं नाव तिथे वाचलं तर संपलंच.”

“माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे,” विवेकने आठवण करून दिली.

“मी साइन केली असती,” अध्यक्ष नरेंद्र म्हणाले, “पण मी घेतच नाही. फक्त वाइन.”

उरले जगन्नाथकाका. निवृत्त केमिकल इंजिनिअर, खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून परत करणारे. “काका, तुमच्यावर कोण संशय घेणार?” असं म्हणत आम्ही त्यांची एकमताने निवड केली. पोलिसांनी त्यांच्या बोटांचे ठसे घेतले. ‘मद्यविक्रीचा अनुभव’ या रकान्यात काकांनी ‘नाही’ लिहिल्यामुळे अधिकाऱ्याने त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं. झिंगलेला माणूस ओळखण्यात काका तिथे पहिले आले.

दिवाळीच्या संध्याकाळी आकाशकंदिलाखाली परवाना झळकला. नेमके त्याच दिवशी राजसचे आईवडील नाशिकहून आले होते. राजस आणि काकांची एकुलती एक गिरिजा यांनी एकमेकांना पसंत केलं होतं, वडीलधाऱ्यांनी भेटायचं तेवढं राहिलं होतं. राजसच्या वडिलांनी दारात होणाऱ्या व्याह्यांचं नाव वाचलं. आत येऊन पाहतात तो व्याही बाटल्यांजवळून हलायला तयार नाहीत.

“हे नेहमीचंच का?” त्यांनी नरेंद्रना बाजूला घेऊन विचारलं.

नरेंद्रनी तोंडात वेलची टाकली. “माणूस देवासारखा आहे हो,” ते हळहळले. “पण आता या वयात आम्ही काय बोलणार?”

लग्न मोडलं. “मी बाबांना हर्ट नाही करू शकत,” राजसने गिरिजाला सांगितलं. त्याच्या हातातला ग्लास काकांनीच भरून दिला होता.

पुढच्या बैठकीला काका आले. “कोणीतरी एकाने त्यांना फोन करा रे. मी पीत नाही, तुमच्यासाठी तिथे उभा होतो, एवढंच सांगा. माझी पोर धड जेवत नाही.”

आम्हाला फार वाईट वाटलं. पण ‘तुमच्यासाठी’ म्हणजे नक्की कोणासाठी, हेही त्या फोनवर सांगावं लागलं असतं. म्हणून आम्ही ठराव केला: जगन्नाथकाकांच्या व्यसनमुक्तीसाठी मंडळ सर्वतोपरी साहाय्य करील. या सत्कार्याला मिळणाऱ्या देणग्यांवर करसवलत मिळावी म्हणून ठरावाचं इंग्रजी भाषांतर सरकारलाही पाठवलं.

पुढच्या दिवाळीला परवान्यासाठी आम्ही पुन्हा काकांचंच नाव दिलं, कारण न पिणारा दुसरा कोणी मंडळात नव्हता. खात्याने आमचाच ठराव जोडून अर्ज फेटाळला. व्यसनी माणूस जबाबदार सभासद होऊ शकत नाही म्हणे! दिवाळी कोरडी गेली. एका माणसाच्या व्यसनापायी साऱ्या मंडळाने किती सोसायचं? जड अंतःकरणाने आम्ही काकांचं सभासदत्व रद्द केलं.

गिरिजासाठी हल्ली पुन्हा स्थळं बघताहेत, असं कळतं. उद्या ती तुमच्या मुलाला सांगून आली, तर हे सगळं वाचूनही तुम्ही एकदा चौकशी कराल, हे आम्हाला ठाऊक आहे. जरूर करा, शेवटी मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. अध्यक्षांना थेट फोन लावा. फक्त शनिवारची संध्याकाळ टाळा, तेव्हा आम्ही सगळे जरा कामात असतो. तुम्हीही असालच.